सज्जनाचा हट्ट

माणूस एखाद्या मंडळाचा सभासद होतो तेव्हा तो आपल्या आयुष्याचा किती भाग त्या मंडळाच्या स्वाधीन करतो? गायकवृंद, पतपेढी, क्रीडामंडळ, मर्तिकनिधी, आजाऱ्यांना भेटी देणारे मंडळ, आपल्या धर्मग्रामांत अशा संस्थांना तोटा नाही. प्रत्येकीचे काम ठरलेले आहे, नियमांची लहानशी वही आहे, वर्गणीचा आकडा आहे. परंतु वर्गणी भरणारा माणूस त्या कामाच्या मापाने कापून आलेला नसतो. तो अख्खा येतो. आपली मते, आपले घर, आपली दुःखे आणि आपली पापे घेऊन येतो. मग त्याच्यातील जे आपणांस पटत नाही त्यासाठी त्याला बाहेर काढण्याचा अधिकार मंडळाला आहे काय? आणि नीतीच्या दृष्टीने आपली बाजू खरी असेल तर तो अधिकार आपोआप मिळतो काय?

हा प्रश्न १८९१ साली लंडनमधील एका शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मतास टाकला गेला. ठरावामागे उभे होते मंडळाचे अध्यक्ष अर्नॉल्ड फ्रँक हिल्स, एकेकाळी इंग्लंडकडून फुटबॉल खेळलेले, एका अवाढव्य जहाज कारखान्याचे धनी. ठरावाविरुद्ध जे थोडे गेले त्यांत होता एकवीस वर्षांचा एक हिंदी विद्यार्थी, ज्याला सभेत उभे राहून चार वाक्ये बोलणेही जमत नसे. त्याच विद्यार्थ्याला पंचेचाळीस वर्षांनंतर पूर्व खानदेशातल्या फैजपूर गावी अफाट जनसमुदायाने पाहिले. गांधीजींच्या फैजपूर भेटीच्या आठवणी आपल्या भागात पुष्कळ निघतात. हिल्स यांचे नाव मात्र इकडे क्वचितच कोणी घेतो. ते घ्यावे असे आम्हांस वाटते, कारण या वादात हिल्स हे खलपुरुष नव्हते. ते तसे असते तर विचार करण्याजोगे फारसे काही उरलेच नसते.

हिल्स यांचा जन्म १८५७ सालचा, लंडनचा. वडील रसायनांच्या धंद्यात श्रीमंत झालेले. शिक्षण हॅरोच्या शाळेत आणि पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठात झाले. १८७७ साली एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात ते ऑक्सफर्डच्या संघातून खेळले आणि वाँडरर्स संघाकडून २-१ असे हरले. (त्या सामन्यातील ऑक्सफर्डचा एकुलता एक गोल, वाँडरर्सच्या गोलरक्षकाने चेंडू हाती असताना मागे पाऊल टाकल्यामुळे झाला होता. हा गोलरक्षक म्हणजे पुढे लॉर्ड झालेले आर्थर किनेर्ड. अधिकृत नोंदींतून हा गोल पुढे चक्क गाळला गेला आणि जवळजवळ शंभर वर्षांनी परत आला. मोठ्या माणसांच्या बाबतीत नोंदवह्यासुद्धा अदबीने वागतात, हे काही आपल्याकडचेच वैशिष्ट्य नाही.) १८७८ साली एक मैल धावण्याच्या शर्यतीत हिल्स इंग्लंडचे विजेते ठरले. ५ एप्रिल १८७९ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर स्कॉटलंडविरुद्ध ते इंग्लंडकडून उतरले. मध्यंतराला इंग्लंड ४-१ असे मागे होते, शेवटी ५-४ असे जिंकले. त्या पाचांत हिल्स यांचा गोल नाही, आणि राष्ट्रीय संघातून ते पुन्हा कधी खेळलेही नाहीत. त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द ती एवढीच, एका दुपारची.

त्या काळच्या हौशी खेळाडूविषयी येथे दोन शब्द सांगणे भाग आहे. आज आपण 'हौशी' म्हणतो ते 'कच्चा' या अर्थाने. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील इंग्रजाला त्यात एक व्रत दिसत असे. खेळासाठी पैसा घ्यायचा नाही, पंचाशी हुज्जत घालायची नाही, हार आणि जीत एकाच चेहऱ्याने स्वीकारायची. खेळ हा चारित्र्याचा आखाडा आणि पैशाचा स्पर्श झाला की आखाडा बाटला, अशी ती श्रद्धा होती. श्रद्धा सुंदर होती, पण ती परवडण्यासाठी घरी उत्पन्न असावे लागे. शनिवारची अर्धी मजुरी बुडवून खेळायला येणाऱ्या गिरणी कामगाराला त्या बुडालेल्या मजुरीची भरपाई घेणे हा अधर्म आहे असे सांगणारे बहुधा हॅरो आणि ईटनमधून आलेले असत. हिल्स यांनी ही श्रद्धा मनापासून घेतली आणि, त्यांच्या वर्गातील थोड्यांनीच केले असेल, तसे तिच्यासाठी स्वतःचे सुख मोजले.

१८८० साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते 'थेम्स आयर्नवर्क्स' या कारखान्याच्या संचालक मंडळावर आले. पूर्व लंडनमध्ये ली नदी जेथे थेम्सला मिळते तेथे हा कारखाना होता. पोलादी जहाजे आणि युद्धनौका बांधाव्यात आणि हजारो माणसांनी भोंग्याच्या तालावर आत-बाहेर करावे, असे ते ठिकाण. मालकाच्या मुलाने उपनगरातील हवेलीत राहून आठवड्यातून एकदा हिशेब पाहायचे, अशी रीत असताना हिल्स कारखान्याजवळ कामगारांच्या वस्तीत लहानशा घरात येऊन राहिले, आणि तेही पाच वर्षे. वस्ती दाट, गल्ल्या चिखलाच्या, दारूचे गुत्ते पावलोपावली. या माणसांना गाणे, वाचन, खेळ, स्वच्छ अन्न आणि निर्व्यसनी सोबत मिळाली पाहिजे, असे त्यांच्या मनाने तेथे घेतले, आणि त्यापुढचे सारे आयुष्य ते त्याच ध्यासात जगले.

आमच्या खानदेशाला अशा धनिकाची ओळख अगदीच नाही असे नाही. अमळनेरला कापडगिरणी काढणाऱ्या प्रतापशेठांनी त्याच गावी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. पुढे साने गुरुजी काही काळ तेथे अभ्यासासाठी राहिले. यंत्राच्या धुराड्याशेजारी मनाच्या उन्नतीची जागा असावी, ही ओढ जगात बऱ्याच ठिकाणी सारखीच दिसते. हिल्स यांच्या ठिकाणी ती ओढ होती, पण तिच्याबरोबर आणखीही एक गोष्ट होती. आपल्याला जे कल्याण दिसले तेच दुसऱ्याला दिसले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे.

१८८९ च्या उन्हाळ्यात लंडनच्या गोदी कामगारांचा प्रचंड संप झाला. त्या संपात वृद्ध कार्डिनल मॅनिंग मध्यस्थीस उतरले आणि मजुरांना मागितलेली मजुरी बव्हंशी मिळाली, हा कॅथलिक वाचकांना अभिमानाचा वाटणारा इतिहास आहे. संपाची ती लाट हिल्स यांच्या कारखान्यापर्यंतही आली. मजुरांवर जीव लावणारे हिल्स कामगार संघटनेपुढे मात्र ताठ राहिले. संघटनेबाहेरची माणसे आणून त्यांनी काम चालू ठेवले. आणि तरीही संप ओसरल्यावर त्यांनी सूड घेतला नाही. १८९२ साली मजुरीव्यतिरिक्त नफ्यातील वाटा देणारी योजना त्यांनी आणली आणि तिला 'सद्भाव-बंधुत्व' अशा अर्थाचे नाव दिले. १८९४ साली त्यांनी आपल्या कारखान्यात दिवसाचे काम आठ तासांवर आणले. पोप तेरावे लिओ यांचे कामगारांविषयीचे विख्यात परिपत्रक मे १८९१ मध्ये निघाले होते, त्याला तेव्हा उणीपुरी तीन वर्षे झाली होती. हिल्स यांनी ते वाचले होते की काय, कोण जाणे. पण त्या परिपत्रकात मालकाकडून जी अपेक्षा आहे तिच्यातील बरीचशी ते करीत होते. मजुरांना स्वतःची संघटना बांधण्याचा हक्क आहे, हा त्यातील दुसरा अर्धा भाग मात्र त्यांच्या गळी उतरत नव्हता. देणे त्यांना जमत होते. मागणारा बरोबरीने समोर बसला की त्यांची अडचण होई.

फुटबॉलचेही तसेच झाले. १८९५ साली त्यांच्या आश्रयाखाली कारखान्यातील कामगारांचा फुटबॉल संघ निघाला. १८९७ साली त्यांनी स्वतःचे सुमारे वीस हजार पौंड खर्चून मैदान बांधले, सायकल शर्यतींच्या धावपट्टीसह. त्यांच्या मनातील संघ हा दिवसभर हातोडा चालवून सायंकाळी मोकळ्या हवेत खेळणाऱ्यांचा होता. परंतु संघ जिंकू लागला आणि संघाच्या समितीला आणखी जिंकावेसे वाटू लागले. बाहेरून पैसे देऊन खेळाडू आले. हिल्स यांनी कारखान्याच्या मासिकात या भाडोत्री भरतीविषयी कडक शब्दांत नापसंती लिहिली, पण प्रवाह थांबला नाही. १९०० च्या जूनमध्ये तो संघ गुंडाळला गेला आणि पुढच्याच महिन्यात नव्या नावाने, व्यावसायिक म्हणून, उभा राहिला. तोच आजचा 'वेस्ट हॅम युनायटेड'. १९०४ पासून हा संघ ज्या मैदानावर खेळू लागला ती जागा एका कॅथलिक शाळेची होती, आणि २०१६ पर्यंत, म्हणजे शंभरावर वर्षे, तो तेथेच खेळला. ही माहिती केवळ आपल्या वाचकांसाठी जाता जाता.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. १८८८ साली लंडनमध्ये शाकाहारी मंडळ स्थापन झाले आणि हिल्स त्याचे अध्यक्ष झाले. मंडळाचे साप्ताहिक त्यांच्या पैशावर चाले. कार्यकारिणीतील अनेकजण या ना त्या रीतीने त्यांचे मिंधे होते. जिवंत प्राण्याला इजा करू नये असे मानणारा हा माणूस दिवसा जपानी आरमारासाठी 'फुजी' आणि 'शिकिशिमा' अशा युद्धनौका बांधून घेत असे. यातील विसंगती त्यांना कधी बोचली असेल का, असा प्रश्न पडतो. बहुधा नसावी. आपल्या विसंगती आपल्याला सवयीने दिसेनाशा होतात. दुसऱ्याची मात्र पहिल्या भेटीतच दिसते.

सप्टेंबर १८९० मध्ये मोहनदास गांधी या मंडळाच्या कार्यकारिणीवर निवडले गेले. त्याच कार्यकारिणीवर डॉ. थॉमस अॅलिन्सन होते. औषधांपेक्षा आहारावर भर देणारे, कोंडा न काढलेल्या पिठाची पोळी खा म्हणून सांगणारे हे डॉक्टर त्या काळच्या वैद्यक मंडळींना नकोसे झाले होते. १८९२ साली त्यांचे नाव डॉक्टरांच्या यादीतून काढण्यात आले. शाकाहारावर त्यांची निष्ठा निर्विवाद होती. पण ते गरीब वस्त्यांतील विवाहित स्त्री-पुरुषांना संततिनियमनाच्या कृत्रिम उपायांची माहितीही देत. हिल्स यांना हे नीतीच्या मुळावर घाव घालणारे वाटले. शाकाहार ही केवळ ताटातली सुधारणा नव्हे, ती माणसाच्या शुद्धीची पहिली पायरी आहे. जो मनुष्य शुद्धीच्या विरुद्ध शिकवण देतो त्याला शुद्धीच्या मंडळात जागा कशी असेल? असा त्यांचा विचार होता. अॅलिन्सन यांना दूर करण्याचा ठराव आला.

गांधीजींनी हा प्रसंग आत्मचरित्रात सांगितला आहे. त्यात सर्वांत लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, संततिनियमनाच्या प्रश्नावर गांधीजींचे मत हिल्स यांच्यासारखेच होते. हिल्स यांच्या औदार्याविषयी त्यांना नितांत आदर होता. तरीही त्यांना वाटले की मंडळाचा जाहीर हेतू शाकाहाराचा प्रसार हा आहे, कोणत्याही एका नीतिसंहितेचा प्रसार हा नाही. तेव्हा जो शाकाहारी आहे आणि मंडळाचे काम करतो त्याला, इतर बाबतींत तो आपल्यासारखा विचार करीत नाही म्हणून, काढणे गैर आहे. हे त्यांनी कागदावर लिहून नेले. सभेत तो कागद वाचण्याचेही धैर्य झाले नाही. अध्यक्षांनी तो दुसऱ्याकडून वाचून घेतला. ठराव मंजूर झाला, अॅलिन्सन गेले. अशा प्रकारच्या आयुष्यातील पहिल्या लढाईत आपण हरणाऱ्यांच्या बाजूला होतो, पण ती बाजू न्यायाची होती याचे समाधान वाटले, असे गांधीजींनी पुढे नमूद केले आहे. येथे हिल्स यांच्या पदरी एक गुण टाकलाच पाहिजे. विरोधकाचा कागद त्यांनी दडपला नाही, स्वतः वाचायला लावून घेतला. हरौन सोडलेला माणूसही मैदानावरचे सगळे नियम विसरत नाही.

आपण कॅथलिक वाचकांनी हा प्रसंग जरा थांबून पाहिला पाहिजे, कारण आपण नेमके त्या तरुणाच्या जागी उभे आहोत. कृत्रिम संततिनियमनाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण पोप अकरावे पायस यांच्या १९३० च्या आणि पोप सहावे पॉल यांच्या १९६८ च्या परिपत्रकांत स्पष्ट आहे. त्या प्रश्नावर आपला कौल हिल्स यांच्याकडे जातो. जेथे आपण प्रतिपक्षाशी सहमत असतो तेथे त्याला संरक्षण देणे सोपे, त्यात पुण्य कसले? मत चुकीचे आहे हे ठाम माहीत असताना त्या मताच्या माणसाची खुर्ची राखणे, ही परीक्षा अवघड. आणि ही उदारमतवादाची शोभेची परीक्षा नव्हे. मुळात 'मंडळ कशासाठी?' या प्रश्नाला प्रामाणिक राहण्याची ती परीक्षा आहे.

हिल्स यांच्या बाजूने बोलता येण्यासारखे आहे ते पूर्ण बोलून टाकू. माणूस कप्प्याकप्प्यांनी बनलेला नसतो, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. अन्न, पेय, देह, संसार, श्रम यांचा एकमेकांशी संबंध आहे हे आपणही मानतो. उपवासकाळ आपण उगाच पाळीत नाही. शिवाय अॅलिन्सन हे मंडळात मिळालेला नावलौकिक घेऊनच वस्तीत जात होते. मंडळाला त्यांच्या शिकवणीशी आपला संबंध नाही असे सांगण्याचा हक्क खचितच होता. तसे पत्रक काढता आले असते. साप्ताहिकात हिल्स यांना सडेतोड लेख लिहिता आला असता. परंतु मत खोडून काढणे वेगळे आणि माणूस काढणे वेगळे. मत खोडताना आपल्याला कारणे द्यावी लागतात, माणूस काढताना हात मोजले की पुरते. आणि ज्या मंडळाची थैली अध्यक्षांच्या खिशात असते तेथे हात कोणत्या दिशेने वर जाणार हे आधीच ठरलेले असते. हिल्स यांना हे दिसले नाही, कारण आपण पैशाच्या जोरावर नव्हे तर सत्याच्या जोरावर जिंकलो असेच त्यांना प्रामाणिकपणे वाटले असणार. श्रीमंत सज्जनाची मोठी दुर्दशा हीच आहे. त्याला आपल्या सज्जनपणाचे वजन किती आणि आपल्या पैशाचे किती, हे कोणी वेगळे करून सांगत नाही.

महाराष्ट्रात याच प्रश्नावर एक प्रसंग घडला, तोही येथे आठवतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. त्यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले. १९२५ साली, प्रचार सोडा अथवा नोकरी सोडा, अशी वेळ आली आणि त्यांनी नोकरी सोडली. पुढे १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक दारिद्र्यात चालवले, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. रघुनाथरावांची बहुतेक मते आम्हांस मान्य नाहीत, हे सांगण्याची गरज नाही. पण गणिताच्या वर्गात त्रिकोणाचे तीन कोन शिकवताना त्या मतांनी कोठे बाधा आणली असेल, हे अजून आम्हांला उमगलेले नाही. कॉलेजच्या बाजूने म्हणता येईल की शिक्षक हा केवळ गणित शिकवीत नाही, तो तरुणांपुढे उदाहरण म्हणून उभा असतो. हा मुद्दा हिल्स यांच्यापेक्षा बळकट आहे. मिशनरी महाविद्यालय आणि शाकाहारी मंडळ यांत फरक आहेच. जी संस्था आपला धर्म जाहीर करून उभी असते तिला काही अपेक्षा ठेवण्याचा अधिक अधिकार पोचतो. तरी रघुनाथरावांनी राजीनाम्यानंतर जी किंमत मोजली ती पाहिली म्हणजे, आपले मत न सोडणारा हा नास्तिक कोणाच्याही पंक्तीला उदाहरण म्हणून वाईट नव्हता, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

लंडनमधल्या त्या कागदाशी गांधीजी स्वतः पुढे कितपत एकनिष्ठ राहिले? हेही तपासायला हवे. आश्रमात त्यांचे नियम अत्यंत कडक होते, पण आश्रम हा व्रतस्थांचा. व्रत हाच त्याचा हेतू. काँग्रेस मात्र सर्वांची. तेथे डिसेंबर १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात, गांधीजी अध्यक्ष असताना, सभासदत्वासाठी हातच्या सुताची अट आली. ज्याला चरखा पटत नाही त्याने काय करावे? वर्ष उलटण्याआधीच ती अट सैल करावी लागली. ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईच्या अधिवेशनाच्या वेळी, आपली आणि अनेक काँग्रेसजनांची वाट वेगळी होत आहे हे ओळखून, त्यांनी दुसऱ्या कोणाला बाहेर न काढता स्वतःचेच सभासदत्व सोडले. संस्थेतील सर्वांत बलवान माणसाने असे करणे ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. उलट १९३९ मध्ये त्रिपुरीनंतर सुभाषबाबूंच्या वाट्याला जे आले ते पाहता, तो जुना कागद गांधीजींनी दर वेळी खिशातून बाहेर काढला असे म्हणता येत नाही.

फैजपूरला मात्र तो कागद जणू गावभर पसरला होता. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिले अधिवेशन. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राबून उभे केलेले, नंदलाल बोस यांनी बांबू-तट्ट्यांनी सजवलेले. ख्रिस्तजन्माच्या दिवशी, २५ डिसेंबर १९३६ रोजी, गांधीजींनी तेथील खादी-ग्रामोद्योग प्रदर्शनात भाषण केले. दोन दिवसांनी अध्यक्षपदावरून बोलले जवाहरलाल नेहरू, ज्यांना यंत्रे हवी होती, समाजवाद हवा होता आणि देवाची विशेष गरज वाटत नव्हती. मंडपात मानवेंद्रनाथ रॉय होते, समाजवादी होते, सनातनी होते, मांसाहारी तर असंख्य. आदल्याच वर्षी, डिसेंबर १९३५ मध्ये, संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन गांधीजींशी वाद घालून गेल्या होत्या. गांधीजींचे मत तसूभर हलले नव्हते. १८९१ साली जे होते तेच होते. पण फैजपूरच्या मंडपाच्या दारात, तुमचे संसाराविषयीचे मत काय, असे कोणी कोणाला विचारीत नव्हते.

त्याआधी चार वर्षे, १९३२ मध्ये, आपल्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. भिन्न भिन्न मतांचे राजबंदी ते ऐकायला बसत. तुरुंग ही एकच संस्था अशी असावी की जेथे मतासाठी माणसाला आत घेतात, पण मतासाठी बाहेर काढीत नाहीत.

हे सारे लिहिण्याचे निमित्त दूरच्या इतिहासाचे नाही. खानदेशातील आपले धर्मग्राम लहान आहेत. भुसावळला रेल्वेच्या निमित्ताने आलेली गोव्याची, दक्षिणेकडची कुटुंबे, नगरकडून आलेले मराठी बांधव, सातपुड्याच्या पायथ्याचे आदिवासी ख्रिस्ती, अशी मिसळ आपल्याकडे आहे. येथे एक माणूस कमी झाला की बाक रिकामा दिसतो. अशाच एका धर्मग्रामात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) मर्तिकनिधीचे हिशेब एक गृहस्थ अनेक वर्षे ठेवीत होते. निधीचा हेतू एका ओळीचा होता. सभासदाच्या घरी मृत्यू झाला तर शवपेटी आणि खड्ड्याचा खर्च त्याच दिवशी पोचावा. पत्नीपासून विभक्त झाल्यावर या गृहस्थांनी कचेरीत दुसरा विवाह नोंदवला. ख्रिस्तसभेच्या दृष्टीने तो विवाह नव्हे, आणि त्यामुळे ते ख्रिस्तप्रसाद घेत नाहीत. बाकावर बसून राहतात. हा निर्णय धर्मगुरूंचा आणि त्यांच्या विवेकाचा. त्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. पण निधीच्या वार्षिक सभेत कोणीतरी उठले, असा मनुष्य आपल्या पैशाला हात कसा लावतो, असे म्हणाले, आणि हात वर झाले. हिशेबात एका पैशाची चूक कधी निघाली नव्हती. तो मुद्दाच कोणी काढला नाही.

साक्रामेंताला अटी आहेत, कारण ख्रिस्तसभा श्रद्धेवर उभी आहे आणि श्रद्धेची कबुली हेच तिचे दार आहे. मर्तिकनिधीचे दार वेगळे. त्यावर एवढेच लिहिलेले आहे की वर्गणी भरा, हिशेब खरा ठेवा, मयताच्या घरी वेळेवर पोचा. या दोन दारांची पाटी अदलाबदल झाली की दोन्हीकडे नुकसान होते. साक्रामेंत ही बक्षिसाची वस्तू वाटू लागते आणि निधी हा शिक्षेचा. मार्कच्या शुभवर्तमानात योहान प्रभूकडे तक्रार घेऊन येतो की कोणी एक मनुष्य तुमच्या नावाने भुते काढतो, पण तो आपल्याबरोबर चालत नाही म्हणून आम्ही त्याला मनाई केली. प्रभूने ती मनाई उठवली. तो मनुष्य कोण होता, त्याचे घर कसे होते, याची चौकशी त्या प्रसंगात नाही. भुते निघत होती एवढे पुरेसे ठरले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली सदसद्विवेकावर जबरदस्ती नको असे सांगितले, त्याआधी कितीतरी शतके हे लिहिलेले होते.

हिल्स यांचा शेवट सांगायचा राहिला. मैलाच्या शर्यतीचा हा विजेता उत्तरायुष्यात संधिवाताने जखडला गेला. हातपाय हलेनात, त्यांना सभांना उचलून न्यावे लागे. कारखान्याने १९११ साली 'थंडरर' ही आपली शेवटची मोठी युद्धनौका पाण्यात सोडली आणि १९१२ साली तो बंद पडला. पलंगावरूनही ते आपल्या कामगारांच्या पोटाची चिंता करीत राहिले. गांधीजींनी हा प्रसंग आत्मचरित्राच्या पहिल्या भागात लिहिला, तेव्हा हिल्स हयात होते. मार्च १९२७ मध्ये ते वारले. गांधीजींनी त्यांच्याविषयी लिहिताना कोठेही कडवटपणा आणलेला नाही. वस्तुतः १८९३ साली आफ्रिकेत गेल्यावर हिल्स यांच्याच कच्च्या अन्नाच्या सिद्धांताचा प्रयोग त्यांनी स्वतःवर करून पाहिला, प्रकृती बिघडली, आणि त्याची हकीकत त्यांनी प्रामाणिकपणे हिल्स यांच्याच साप्ताहिकाकडे पाठवून दिली. एका ठरावावर विरुद्ध मत दिले म्हणून ती पंगत त्यांनी सोडली नव्हती. अॅलिन्सन यांच्या नावाचे पीठ इंग्लंडच्या दुकानांत पुढे शंभरावर वर्षे विकले गेले.

त्या धर्मग्रामातील गृहस्थांनीही तक्रार केली नाही. वही आणि पेटीची किल्ली त्यांनी सभेतच टेबलावर ठेवली. आता हिशेब दुसरे कोणी पाहतात. गावात मर्तिक झाले की ते मात्र पूर्वीसारखेच सर्वांच्या आधी येतात, बाकडी मांडतात आणि शवपेटीला खांदा देतात. त्याला अजून कोणी हरकत घेतलेली नाही.